अर्ध्या सेकंदाचा माग

१/
मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड आपल्या संगणकावर वेगाची मोजमापे घेत होते. मोजमाप स्वच्छ हवे तर संगणक शांत हवा. आणि तो शांत बसत नव्हता. मागे चालणारी एक क्षुल्लक प्रक्रिया वाजवीपेक्षा जास्त शक्ती खात होती. ती का, एवढेच पाहायला ते गेले आणि जवळजवळ अडीच वर्षे शिजत असलेले एक कारस्थान त्यांच्या हाती लागले. असंख्य सर्व्हरांची दारे एकाच गुप्त किल्लीने उघडता यावीत, अशी ती तजवीज होती. एका अर्ध्याकच्च्या आवृत्तीतील दोष शोधताना ती कशी उघडकीस आली, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
घटनास्थळ होते डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमची 'अस्थिर' आवृत्ती. डेबियन हे लिनक्सच्या कुळातले. म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या धर्तीवर उभे राहिलेले. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि आजही तो देशोदेशीच्या स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. सामान्य वापरणाऱ्याला डेबियनचे नाव ठाऊक नसले, तरी सर्व्हरांच्या जगात त्याचे वजन मोठे आहे. उबुंटूसारख्या प्रसिद्ध प्रणाली त्याच्याच पायावर रचलेल्या आहेत.

३/
डेबियनचे तीन प्रवाह एकाच वेळी वाहत असतात: स्थिर, चाचणी आणि अस्थिर. कोणतेही नवे पॅकेज आधी अस्थिर प्रवाहात येते. तेथे काही दिवस गंभीर दोषाची नोंद झाली नाही, तर ते चाचणीत उतरते. साधारण दोन वर्षांनी चाचणीचा प्रवाह गोठवून, गाळून त्याची नवी स्थिर आवृत्ती होते. बँका, विद्यापीठे, कचेऱ्या वापरतात ती ही शेवटची. आवृत्त्यांची नावे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांवरून ठेवतात. स्थिर आवृत्तीचे नाव दर खेपेस बदलते. अस्थिर प्रवाहाचे नाव मात्र कायम 'सिड'. सिड म्हणजे त्या चित्रपटातला शेजारचा मुलगा, खेळणी मोडणारा.

४/
सिडवर राहणाऱ्यांना मोडतोड नवी नसते. सकाळी अपडेट केले की कधी आवाज जातो, कधी पडदा काळा राहतो, कधी प्रिंटर रुसतो. मग शोध सुरू होतो, आणि त्याची एक ठरलेली रीत आहे. दोष पुन्हा घडवून आणता येतो का, हे प्रथम पाहायचे. जो पुन्हा घडत नाही तो सापडणे कठीण. नंतर काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले याची यादी काढायची. संशयित पॅकेज जुन्या आवृत्तीवर परत नेऊन पाहायचे. दोष गेला, तर माग बरोबर आहे.

५/
यादी मोठी असेल तर ती अर्धी करायची. मधल्या बदलापाशी थांबून विचारायचे: दोष येथे आहे की नाही? असेल तर तो मागच्या अर्ध्यात आला, नसेल तर पुढच्या. उरलेल्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग. या रीतीने हजार बदलांतून गुन्हेगार शोधायला सुमारे दहा चाचण्या पुरतात. तारीख नसलेले पत्र वाचताना इतिहासाचा अभ्यासक नेमके हेच करतो. पत्रात अमुक मृत्यूचा उल्लेख आहे, म्हणजे ते त्यानंतरचे. तमुक किल्ला अजून शत्रूकडे आहे, म्हणजे त्याआधीचे. दोन्ही बाजूंनी पाचर मारत काळ अरुंद करत नेणे, ही पद्धत दोन्हीकडे एकच आहे.

६/
आता फ्रॉइंड यांच्या संगणकाकडे. दुसऱ्या यंत्रात दुरून प्रवेश करण्यासाठी एसएसएच नावाची व्यवस्था वापरतात. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्राच्या या दारावर अनोळखी बॉट रात्रंदिवस थापा मारत असतात: वाटेल ते नाव, वाटेल तो पासवर्ड. नावच चुकीचे असल्यामुळे हे प्रयत्न तत्काळ फसतात आणि त्यांना संगणकाची शक्ती जवळजवळ लागत नाही. फ्रॉइंड यांना दिसले ते उलट. फसलेले प्रयत्नही प्रोसेसर राबवत होते. एरवी ०.२९९ सेकंदांत आटोपणारे लॉगिन आता ०.८०७ सेकंद घेत होते. जादा लागणारा वेळ सुमारे अर्धा सेकंद.

७/
अर्ध्या सेकंदासाठी कोण अडते? सिडवर तर याहून मोठी दुखणी रोजची. परंतु वेग मोजणे हेच ज्याचे काम, त्याला ती रेघ खटकते. फ्रॉइंड यांनी प्रक्रिया कोठे वेळ घालवते याचे विश्लेषण केले. उत्तर आले: लिबएलझेडएमए या लायब्ररीत. ही लायब्ररी 'एक्सझेड' या फायली आवळून लहान करणाऱ्या साधनाचा भाग. त्यातही एक गोष्ट अधिक विचित्र होती. प्रोग्राममधील प्रत्येक कार्याला सहसा नाव असते आणि विश्लेषक ते नाव दाखवतो. येथे वेळ खर्च होत होता, पण तो कोणत्याच नावावर पडत नव्हता. दप्तरात खर्चाची रक्कम आहे आणि खर्च करणाऱ्याची सही नाही, असा तो प्रकार.

८/
दाराच्या कुलपाला फायली आवळणाऱ्या लायब्ररीची गरज काय? मुळात काहीच नाही. ओपनएसएसएच हा प्रोग्राम ती वापरत नाही. मात्र डेबियनसह काही प्रणालींनी त्यात एक छोटी भर घातली होती: दार उघडले की 'सिस्टमडी' या व्यवस्थापकाला तशी वर्दी द्यायची. ती वर्दी देण्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली गेली. त्या लायब्ररीला दुसऱ्याच कामासाठी लिबएलझेडएमए लागत होती. निरोप पोचवायला एक माणूस बोलावला आणि त्याच्यासोबत त्याचे सारे गणगोत घरात आले. हल्लेखोराने हेरले होते ते नेमके हे दूरचे नाते. थेट कुलपावर अनेकांची नजर असते. कुलपाच्या नातलगाच्या नातलगावर कोणाचीच नसते.

९/
या टप्प्यावर फ्रॉइंड यांना आणखी एक जुनी कुरकुर आठवली. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर, पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत 'व्हॅलग्रिंड' या साधनाने एक विचित्र तक्रार नोंदवली होती. प्रोग्राम स्मृतीचा गैरवापर करतो की काय, हे पाहणारे ते साधन. एकटी ती तक्रार दुर्लक्ष करण्याजोगी होती. एकटा अर्धा सेकंदही तसाच. दोन्ही एकाच लायब्ररीकडे बोट दाखवू लागल्यावर मात्र पाणी कोठेतरी मुरते आहे, हे स्पष्ट झाले. पुढे अनेक योगायोग जुळून आल्याचे त्यांनीच सांगितले. योगायोग खराच, पण पहिला धागा लक्षात राहिला होता म्हणूनच दुसरा त्याला बांधता आला.

१०/
त्यांचा पहिला तर्क असा होता की डेबियनचे पॅकेज कोणीतरी भ्रष्ट केले असावे. तो टिकला नाही. दोष डेबियनमध्ये शिरलेला नव्हता. एक्सझेडच्या मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच तो होता. येथे एक तांत्रिक बाब समजून घ्यावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड गिटच्या भांडारात सर्वांसमोर असतो आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद दिसते. प्रकाशनाच्या वेळी मात्र त्याचा एक बांधीव गठ्ठा तयार होतो. त्याला टारबॉल म्हणतात, आणि डेबियनसारखे प्रकल्प बहुधा तो उचलतात. दोन्हींत मजकूर एकच असावा, अशी सर्वांची धारणा. एक्सझेडच्या गठ्ठ्यात बांधणीच्या एका लिपीत काही ओळी अशा होत्या, की ज्या भांडारात नव्हत्याच.

११/
मराठी इतिहासलेखनाच्या वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून अस्सल पत्रे गोळा करत राहिले, ते बखरींच्या भरवशावर इतिहास लिहिता येत नाही या जाणिवेने. नक्कल करणारा प्रामाणिक असला तरी चुकतो. अप्रामाणिक असला तर आपल्या सोयीची ओळ घुसडतो. म्हणून नक्कल अस्सलाशी ताडून पाहायची. सॉफ्टवेअरच्या जगात ही ताडणी यंत्राकडून क्षणात करता आली असती. तरीही ती कोणी नियमाने करत नव्हते, कारण गठ्ठ्यात यंत्राने तयार केलेल्या काही जादा फायली असतात, दोन्हींत थोडाफार फरक असायचाच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. खोटी ओळ त्या गृहीतकाच्या आडोशाला बसली.

१२/
त्या ओळी काय करत? एक्सझेडच्या चाचण्यांसाठी काही मुद्दाम बिघडवलेल्या फायली भांडारात ठेवलेल्या असतात. बिघडलेली फाईल समोर आली तर साधन कोलमडत नाही ना, हे पाहायला. बिघडलेली फाईल कोणी वाचून पाहत नाही. घातक कोड दोन चाचणी-फायलींत तुकड्यांनी लपवलेला होता, आणि गठ्ठ्यातील जादा ओळी बांधणीच्या वेळी तो बाहेर काढून लायब्ररीत मिसळत. तेही सरसकट नाही. यंत्र ठरावीक जातीचे आहे का, लिनक्स आहे का, आणि पॅकेज डेबियनच्या किंवा रेड हॅटच्या रीतीने बांधले जात आहे का, हे आधी तपासले जाई. कुतूहलाने घरी बांधून पाहणाऱ्याच्या हाती निर्दोष लायब्ररी पडे.

१३/
मिसळलेला कोड एसएसएचच्या दाराशी, किल्ली पडताळण्याच्या कामात आपले कार्य घुसवत असे. येणाऱ्याने विशिष्ट गुप्त किल्लीने सही केलेला संदेश पाठवला, तर ओळख पटण्याआधीच त्याचा हुकूम पाळला जाई. ती किल्ली फक्त हल्लेखोराकडे. इतरांसाठी दार पूर्वीइतकेच पक्के होते. गडाला असते तशी ही चोरदिंडी. फरक एवढाच की ती गडकऱ्याच्या नकळत बांधली होती. या बांधकामासाठी घुसवलेला कोड आपल्याला हवी ती कार्ये स्मृतीत स्वतःच धुंडाळत असे, आणि त्या शोधातच तो अर्धा सेकंद जात होता.

१४/
चोरदिंडीची ही कल्पना युनिक्सच्या घरातच चाळीस वर्षांपूर्वी मांडली गेली होती. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांचे ट्यूरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर भ्रष्ट केला, तर लॉगिनच्या प्रोग्राममध्ये चोरवाट ठेवता येते आणि मूळ कोड कितीही वाचला तरी तिचा मागमूस दिसत नाही, हे त्यांनी दाखवले. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: कोड वाचून विश्वास ठेवता येत नाही, शेवटी विश्वास ठेवायचा तो कोड लिहिणाऱ्या माणसांवर. एक्सझेडच्या प्रकरणात चढाई झाली ती या माणसांवरच्या विश्वासावर.

१५/
एक्सझेड अनेक वर्षे प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता: लासे कॉलिन. वेतन नाही, मदतनीस नाही. फावल्या वेळातले काम. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने एक छोटी दुरुस्ती आली. मग आणखी. दुरुस्त्या उपयोगी होत्या, भाषा नम्र होती. २०२२ च्या उन्हाळ्यात काही अपरिचित नावे कॉलिन यांच्यामागे लागली: काम फार हळू चालले आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यांतले एक नाव होते 'जिगर कुमार', दुसरे 'डेनिस एन्स'. कॉलिन यांनी जूनमध्ये सौम्य उत्तर दिले. आस्था संपलेली नाही. पण दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे ताकद मर्यादित आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असे त्यात होते.

१६/
सारे प्रकरण वाचताना सर्वांत जड जाते ते हे उत्तर. एक थकलेला माणूस उघडपणे आपली मर्यादा सांगतो, आणि त्याच्या त्या प्रामाणिकपणाचाच पत्ता शत्रूला मिळतो. तोफांना दाद न देणारा किल्ला फितुरीने पडतो, हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे. येथे फितुरी विकत घ्यावी लागली नाही. आधी गडकऱ्यावर माणसे सोडून त्याला जेरीस आणले आणि मग मदतीचा हात पुढे केला. तो हात नाकारण्याचे कोणतेही कारण कॉलिन यांच्यासमोर नव्हते. बिनपगारी ओझे वाहणाऱ्याला सोबती मिळाला, तर तो आनंदेलच.

१७/
त्यानंतर गादी हळूहळू हाती आली. मार्च २०२३ मध्ये जिया टॅनने आपले पहिले प्रकाशन केले, ५.४.२. जुलै २०२३ मध्ये, एक्सझेडवर वेडेवाकडे इनपुट मारून दोष शोधणाऱ्या एका स्वयंचलित चाचणीतून एक सोय वगळण्याची विनंती याच नावाने गेली; पुढे चोरदिंडीला तीच सोय लागणार होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बांधणीच्या एका फायलीत एकटे पूर्णविरामाचे चिन्ह टाकले गेले. त्या एका टिंबामुळे एक सुरक्षा-तपासणी दर खेपेस फसे आणि सुरक्षा गुपचूप बंद राही. हे टिंब सर्व उघडकीस आल्यानंतर सापडले. २४ फेब्रुवारीस ५.६.० प्रसिद्ध झाली. चोरदिंडी तिच्यात होती.

१८/
आणि मग हल्लेखोरापुढे तोच प्रश्न उभा राहिला, जो प्रत्येक प्रोग्रामरपुढे असतो: त्याच्या कोडमध्ये बग होते. ५.६.० अस्थिर आवृत्त्यांत पोचताच फेडोराच्या चाचण्यांत व्हॅलग्रिंड ओरडू लागले, काही मांडण्यांत प्रोग्राम कोसळू लागले. प्रामाणिक स्वयंसेवकांनी ते दोष रीतसर नोंदवले आणि दूर करायला मदतही केली. आपण कोणाच्या कोडची दुरुस्ती करत आहोत, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. ९ मार्च रोजी ५.६.१ आली, ती या तक्रारी झाकण्यासाठी. दोष कंपायलरचा असल्याची बतावणीही झाली. महिनाभर एकाच मैदानावर दोन शोध चालू होते. एकाला दोष मिटवायचा होता, दुसऱ्याला आवाज.

१९/
घाईही वाढली होती. सिस्टमडीच्या प्रकल्पात, काहीही कारस्थान ठाऊक नसताना, लिबएलझेडएमएशी असलेले ते कायमचे नाते सैल करण्याचे काम सुरू झाले होते. ते पूर्ण झाल्यावर चोरदिंडीकडे जाणारी वाटच बुजली असती. २५ मार्च रोजी 'हान्स यान्सन' या नावाने डेबियनकडे ५.६.१ घेण्याची विनंती आली. २८ मार्च रोजी जिया टॅनने उबुंटूकडेही तीच मागणी केली. उबुंटूची दीर्घकाळ चालणारी २४.०४ ही आवृत्ती आणि फेडोरा ४०, दोन्ही एप्रिलमध्ये येणार होत्या. अस्थिर प्रवाहातून स्थिर जगात उतरण्याचा तो मोसम होता.

२०/
त्याच २८ मार्चला फ्रॉइंड यांनी डेबियनच्या सुरक्षा-पथकाला आणि इतर प्रणालींच्या प्रतिनिधींना खाजगीत कळवले. २९ मार्च, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सविस्तर निवेदन सर्वांसमोर ठेवले. त्यात मोजमापे होती, घातक ओळी होत्या, आणि आपण सुरक्षातज्ज्ञ नाही अशी प्रांजळ कबुलीही होती. दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक मिळाला आणि तीव्रता १० पैकी १०. डेबियनच्या अस्थिर व चाचणी प्रवाहांत, फेडोराच्या विकासाधीन आवृत्तीत, ओपनसूसेच्या टम्बलवीडमध्ये, काली लिनक्समध्ये ती लायब्ररी पोचलेली होती. सर्वत्र ती मागे घेण्यात आली. उबुंटूने आपली बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजे नव्याने बांधली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला धक्का लागला नव्हता.

२१/
कोण होता हा जिया टॅन? आजवर खात्रीने सांगता आलेले नाही. एक नाव चिनी वळणाचे, एक भारतीय, एक उत्तर युरोपीय. पण नाव हा पुरावा नसतो, तो फक्त लिहिणाऱ्याने निवडलेला शब्द असतो. त्याने केलेल्या बदलांवरील वेळेच्या शिक्क्यांत बहुतेक ठिकाणी पूर्व आशियाचा कालविभाग आहे; मोजक्या ठिकाणी पूर्व युरोपाकडचा. त्यावर अनेकांनी तर्क केले. परंतु ज्याने अडीच वर्षे सोंग वठवले, त्याने घड्याळाचेही सोंग घेतले नसेल कशावरून? साधनाची चिकित्सा येथे एका मर्यादेशी येऊन थांबते, आणि तेथे थांबणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.

२२/
मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक लाडका सिद्धान्त आहे. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये तो मांडला आणि लिनक्सचे जनक लिनस यांचे नाव त्याला दिले: पाहणारे पुरेसे असतील, तर कोणताही दोष लपून राहत नाही. एक्सझेडने या सिद्धान्ताची दोन्ही टोके दाखवली. पाहणारे पुष्कळ होते. व्हॅलग्रिंडची तक्रार अनेकांनी वाचली आणि दिलेले स्पष्टीकरण मान्य केले. सापडले ते एकाला, ज्याला स्पष्टीकरण मिळाले तरी आकडा जुळत नाही हे सोसवेना. पण त्या एकाला शेवटपर्यंत जाता आले, कारण कोड, नोंदी, जुने गठ्ठे सारे त्याच्यासमोर उघडे होते. बंद दाराआडच्या प्रणालीत त्याचा शोध अनामिक लायब्ररीपाशी येऊन संपला असता.

२३/
कारस्थान उघडकीस आल्यावर निस्तरण्याचे काम कोणावर पडले? पुन्हा कॉलिन यांच्यावरच. प्रकल्पाचे सार्वजनिक भांडार बंद केले गेले होते आणि सुरुवातीस त्यांचे स्वतःचे खातेही. त्यांनी जिया टॅनच्या हातचे बदल एकेक करून तपासले आणि २९ मे २०२४ रोजी चोरदिंडी काढून टाकलेली ५.६.२ प्रसिद्ध केली. ज्या माणसाला थकला म्हणून बाजूला सारले होते, त्याच्याशिवाय ते जुने घर ओळखणारा दुसरा कोणी नव्हता. अशी एकेका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली साधने आणखी किती आहेत, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांनी विचारला. ती साधने ज्यांच्या धंद्याच्या मुळाशी आहेत, त्या बड्या कंपन्यांकडे तो प्रश्न अधिक जोराने गेला पाहिजे.

२४/
न घडलेल्या घटनेचा इतिहास लिहिणे अवघड असते. ज्या सर्व्हरांची दारे उघडली गेली असती, ती उघडली नाहीत. म्हणून त्यांच्या दप्तरात या प्रसंगाची ओळही नाही. डेबियनच्या नोंदींत मात्र एक विचित्र क्रमांक राहून गेला आहे. पॅकेजची व्यवस्था फक्त चढत्या क्रमांकाकडे जाते, उतरत्याकडे नाही. त्यामुळे निर्दोष जुनी लायब्ररी परत आणताना तिला भ्रष्ट आवृत्तीहून मोठा क्रमांक द्यावा लागला: ५.६.१+रिअली५.४.५-१. म्हणजे, वर ५.६.१ लिहिले असले तरी आत खरोखर ५.४.५ आहे. सिडवरच्या लोकांनी त्या दिवशी नेहमीसारखे अपडेट केले आणि हा क्रमांक त्यांच्या यंत्रावर उतरला. बहुतेकांनी तो वाचलाही नसेल. (समाप्त)

#इतिहास #मराठी #थ्रेड